प्लेटवरचे वॅट आणि जळालेली कॉईल

(या भागाचा लिखित मजकूर. अडखळणं आणि 'म्हणजे, म्हणजे' तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज दोन घरं कमी करा. का ते पुढे येईलच.

आजचा विषय वॅट. मी सॉफ्टवेअरवाला, राहतो पुण्यात, पण घर बिलोलीचं. आमच्या चुलत्यांच्या घरी साउंडचा धंदा आहे. लग्न, वरात, जयंती, गणपती, सप्ताह, सगळं. बीटेकला मी जेवढं इलेक्ट्रॉनिक्स शिकलो, त्यातलं निम्मं कामाला आलं ते दादाच्या गोडाऊनमध्ये. त्यामुळं गावाकडं गेलो की पहिला प्रश्न येतो, "इंजिनिअर, पाच हजार वॅटचा ट्रॉली स्पीकर मिळायलाय, घेऊ का?"

घ्या की. पण पाच हजार म्हणजे काय ते आधी बघू.

त्या ट्रॉलीत बॅटरी असते, बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर. गुणाकार करा: ८४ वॅट-तास. बॅटरीत एवढीच ऊर्जा आहे, त्याच्या वर एक थेंब नाही. विकणारा म्हणतो चार तास वाजतो. मग ८४ भागिले ४, सरासरी २१ वॅट. त्यातलेही थोडे लुकलुकणाऱ्या लाइटला आणि ब्लूटूथला जाणार. खोक्यावर ५०००, आत २१. हिशोब तिसरीतल्या पोराला जमेल असा आहे.

मग तो आकडा येतो कुठून? खोक्यावर बारीक अक्षरात 'पीएमपीओ' लिहिलेलं सापडेल. पीक म्युझिक पॉवर आउटपुट. हे ठरवायची सर्वमान्य पद्धतच नाही. एखाद्या क्षणाच्या हजाराव्या हिश्शात कागदावर जास्तीत जास्त काय निघू शकेल, ते चॅनलनं गुणा, स्पीकरच्या संख्येनं गुणा, मनात येईल त्यानं गुणा. नव्वदच्या दशकातले टू-इन-वन आठवतात का तुमच्या मामाकडचे? त्यावरही हजाराच्या घरातले आकडे असायचे आणि चालायचे सहा-आठ सेलवर.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही बरं का. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकात कंपन्यांनी ॲम्प्लिफायरच्या वॅटचा असाच बाजार मांडला होता. शेवटी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्ये नियम करावा लागला की घरगुती ॲम्प्लिफायरचे वॅट सांगताना किती ओहमवर, कोणत्या फ्रिक्वेन्सीत आणि किती विकृतीसह मोजले ते सांगा. पन्नास वर्षांनी, २०२४ मध्ये, तोच नियम पुन्हा घट्ट करावा लागला. म्हणजे विकणारा तिकडचा असो की इकडचा, सवय तीच.

मोठ्या ॲम्पसाठी माझी एक सोपी चाचणी आहे. मागं फ्यूज किंवा ब्रेकर किती अँपिअरचा ते बघा आणि २३० नं गुणा. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून १३८० वॅट निघतात, १६ अँपिअरच्या पॉवर प्लगमधून ३६८०. ॲम्प जेवढं घेतो त्यातलं काही उष्णतेत घालवतो, जुना क्लास एबी असेल तर जवळपास निम्मं. तेव्हा ६ अँपिअरच्या पिनवर चालणारा 'आठ हजार वॅट'चा ॲम्प सतत किती देत असेल ते तुम्हीच काढा. क्षणभर जास्त देऊ शकतो, आतल्या कपॅसिटरमध्ये साठा असतो. पण क्षणभर म्हणजे क्षणभरच.

आता स्पीकरकडं या. चांगल्या स्पीकरच्या कागदावर तीन आकडे असतात. ४०० वॅट आरएमएस किंवा कंटिन्युअस, ८०० प्रोग्रॅम, १६०० पीक. तिन्ही एकाच स्पीकरचे. खरं मोजलेला पहिलाच असतो: ठरावीक प्रकारचा गोंगाट तासन् तास वाजवून स्पीकर टिकला का ते बघतात. एईएस नावाच्या ऑडिओ इंजिनिअरांच्या संस्थेच्या पद्धतीत हे दोन तास चालतं. प्रोग्रॅम म्हणजे त्याची दुप्पट, पीक म्हणजे चौपट. कॅल्क्युलेटरवर काढलेले. बोर्डावर रंगवताना मालक कोणता आकडा घेतो ते सांगायला नको.

हा फरक न कळल्यानं पैसे कुणाचे जातात, ते सांगतो.

मागच्या लग्नसराईत दादाच्या एका ओळखीच्या साउंडवाल्याकडं एका रात्रीत दोन बेस आणि एक टॉप गेला. ऑपरेटर पोरगा, वीस-एकवीस वर्षांचा. मालकानं सरळ हिशोब केला: "फेडर तुझ्या हातात होता, कॉईलचे पैसे तुझ्या पगारातून." तीन कॉईल आणि रिकोनिंगची मजुरी म्हणजे त्या पोराचा सीझनच गेला. ते दादाकडं आलं रडवेलं होऊन. दादा म्हणाला, "बारक्या, तू बघ जरा, हे पोरगं खरंच दोषी हाय का." मी म्हणलं, स्पीकर घेऊन या. फेकलेत का अजून?

नव्हते फेकले. आणि जळालेला स्पीकर खोटं बोलत नाही.

आधी आत काय होतं ते सांगतो. स्पीकरला दिलेल्या विजेतली फार थोडी, शेकडा एक ते पाच वॅट, आवाजात जाते. बाकी सगळी उष्णता. ४०० वॅट दिले तर ३८० च्या वर कॉईल तापवायला. घरातली इस्त्री ७५० ते १००० वॅटची असते आणि तिला लोखंडाचा एवढा मोठा तवा आहे. इथं बांगडीएवढी, चार इंचाची तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची कॉईल, कागदासारख्या पातळ नळीवर डिंकानं चिकटवलेली. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. कॉईल १८० अंशांनी तापली तर रोध पावणेदोन पट होतो, म्हणजे तेवढ्याच व्होल्टला स्पीकर कमी वॅट खेचतो आणि आवाज बसतो. अकरा वाजता ऑपरेटरला वाटतं, "आवाज दबायलाय." तो फेडर वर सारतो. दबलेला आवाज ही त्या कॉईलची विनवणी असते, आणि उत्तर म्हणून तिला आणखी तापवलं जातं.

म्हणजे कॉईल जळते सरासरी वॅटनं, क्षणाच्या टोकानं नाही. हे वाक्य डोक्यात ठेवा, पुढचं सगळं यावर आहे.

आता एक जुनी म्हण तुम्ही ऐकली असेल: 'लहान ॲम्पनं स्पीकर जळतो, मोठ्यानं नाही.' अर्धी खरी, अर्धी खुळचट. लहान ॲम्प हळू वाजवला तर स्पीकरला काही होत नाही, नाहीतर तुमच्या मोबाइलनं सगळ्या जगाचे स्पीकर जाळले असते. भानगड होते ॲम्प क्लिप झाल्यावर. कोडिंग करणाऱ्यांसाठी सांगतो: १६ बिटच्या सँपलमध्ये ३२७६७ च्या वर आकडा बसत नाही, तुम्ही ५०००० द्यायला गेलात तर तो ३२७६७ वरच कापला जातो. ॲम्पचंही तसंच, त्याच्या आतल्या सप्लायच्या वर व्होल्ट जात नाही. गोल डोंगराचं पठार होतं.

आकड्यात बघा. ४० व्होल्टच्या टोकाची गोल लाट ८ ओहमवर दिली तर १०० वॅट. त्याच ४० व्होल्टची पूर्ण चौकोनी लाट दिली तर २००. ॲम्प तोच, टोक तेच, उष्णता दुप्पट.

गाण्यात तर फरक याहून मोठा. समजा १००० वॅटचा ॲम्प नेमका क्लिपच्या कडेला चाललाय. टोक आणि सरासरी यांच्यात १० डेसिबलचं अंतर असलेलं गाणं, चांगली रेकॉर्ड केलेली लावणी किंवा भजन समजा, लावलं तर स्पीकरला सरासरी २०० वॅट जातात. डीजे रिमिक्स, ज्यात सगळं आधीच दाबून सपाट केलेलं असतं, तिथं अंतर ६ डेसिबल, तर ५००. आणि त्यावर मिक्सरचा लाल दिवा सतत पेटवून अंतर ३ वर आणलं, तर पूर्ण १०००. फेडर नुसता वर-खाली नाही केला, फक्त गाणं आणि लाल दिवा बदलला, आणि उष्णता पाचपट. ४०० वॅटची कॉईल पहिल्या गाण्यात आरामात होती, तिसऱ्यात ती मेली. आणि ॲम्पवरचा क्लिपचा दिवा शांत असेल तरी मिक्सर किंवा मोबाइलमध्येच आवाज आधी कापला गेलेला असू शकतो. लाल दिवे सगळ्या साखळीतले बघायचे.

टॉप आधी का जातो तेही यातच आहे. लाट कापली की बेसच्या सुरात वरच्या फ्रिक्वेन्सी तयार होतात, शिवाय बेस भिंतीला टेकलेला असताना फेडर वाढवला की वाढायला जागा फक्त वरच्या सुरांना उरते. ते सगळं जातं टॉपच्या नाजूक डायफ्रॅमकडं.

तर त्या पोराचे तीन स्पीकर आम्ही दादाच्या ओट्यावर उघडले. हे तुम्हालाही करता येतं, म्हणून नीट सांगतो. कॉईल सगळ्या बाजूंनी सारखी काळी, वार्निशचा जळका वास, वेटोळे सुटलेले: हे सरासरी वॅट जास्त झाल्याचं लक्षण. कॉईल चकचकीत, पण कडेचा फोम फाटलेला, कोनकडं जाणारी लवचिक तार तुटलेली, नाहीतर नळीचं खालचं टोक मागच्या लोखंडावर आपटून चेपलेलं: हे वॅटचं काम नाही, कोन फार लांब हलला. खाली पोर्ट असलेल्या बॉक्समध्ये बॉक्सच्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालचा आवाज गेला की कोनला हवेचा आधार उरत नाही. क्रॉसओव्हरमध्ये हाय-पास, साधारण ३० ते ४० हर्ट्झचा, बॉक्स बघून, लावलेला नसला की असं होतं. आणि तिसरं: कोन पुढं किंवा मागं एकाच बाजूला जाऊन अडकलेला आणि कॉईल एकाच टोकाला जळालेली. तिथं ॲम्पचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन सरळ डीसी आलेला असतो. त्यात फेडर धरणाऱ्याचा काडीचा संबंध नाही.

इथं दोन्ही बेस तिसऱ्या जातीचे निघाले. एकाच चॅनलवरचे. ॲम्प उघडला तर प्रोटेक्शनचा रिले कुणीतरी आधीच्या दुरुस्तीत तारेनं थेट जोडून टाकलेला. 'सारखा कट होतो' म्हणून. तो रिलेच डीसी आल्यावर स्पीकर तोडायला असतो. टॉप मात्र खरंच काळा होता, तो क्लिपिंगचा. मी दादाला तसंच सांगितलं, पोराला वाचवायला काही लपवलं नाही. दादा मालकाशी बोलला. बेसचे पैसे मालकानं सोसले, टॉपच्या डायफ्रॅमचे निम्मे पोरानं. मला विचाराल तर तेही नको होते, कारण त्या रॅकमध्ये लिमिटरच नव्हता. विना ब्रेकची गाडी देऊन चालकाला दंड करण्यातला प्रकार.

लिमिटर आता स्वस्त डिजिटल क्रॉसओव्हरमध्येही येतो, पण फॅक्टरीच्या सेटिंगवरच पडून असतो. हिशोब असा: वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ४०० वॅट, ८ ओहम: ३२०० चं वर्गमूळ, साडेछप्पन व्होल्ट. स्पीकरच्या तारा काढून ठेवा, आधी काढा मग पुढचं, ६० हर्ट्झचा सूर द्या, साधा मल्टिमीटर एसीवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटला लावा, आणि कितीही वाढवलं तरी साडेछप्पनच्या वर जाणार नाही असा लिमिटर बसवा. टर्मिनलला हात लावायचा नाही, हे व्होल्ट झटका देतात. रात्रभर रिमिक्सच वाजणार असतील तर मी ४० व्होल्टवर ठेवीन, म्हणजे २०० वॅट. निम्मे झाले म्हणून घाबरू नका, निम्मे वॅट म्हणजे फक्त ३ डेसिबल कमी. मांडवातल्या माणसाला तो फरक जेमतेम कळतो, कॉईलला मात्र नीट कळतो.

ॲम्प किती मोठा घ्यावा? लिमिटर बसवलेला असेल आणि ऑपरेटर तयार असेल तर स्पीकरच्या आरएमएसच्या दीड ते दोनपट. नसेल तर आरएमएसएवढाच घ्या आणि लाल दिवा पेटू देऊ नका. आणि ओहम विसरू नका. ८ ओहमचे चार बॉक्स एकातून एक लूप केले की ॲम्पला २ ओहम दिसतात. ब्रिजमध्ये ४ ओहम लावले तर प्रत्येक चॅनलला २ च. सगळे ॲम्प ते झेपवत नाहीत.

वरातीचं सोडा, मंदिर, मशीद, शाळा, ग्रामपंचायत इथल्या भोंग्यांचं मरण वेगळं असतं. आहुजासारख्या ॲम्पच्या मागं ४, ८, १६ ओहमच्या टर्मिनलशेजारी १०० व्होल्टचंही असतं. ते लांबच्या लाइनसाठी, आणि तिथं प्रत्येक भोंग्याला ट्रान्सफॉर्मर लागतो. कुणीतरी 'यात जास्त आवाज येतो' म्हणून १६ ओहमचं साधं युनिट थेट १०० व्होल्टला जोडतं. १०० चा वर्ग भागिले १६: पूर्ण आवाजाला ६२५ वॅट, ३०-४० वॅटच्या युनिटवर. सप्ताहाच्या पहिल्याच काकड्याला ते गप्प होतं.

आणि आपल्याकडचा खास त्रास, व्होल्टेज. उन्हाळ्यात संध्याकाळी शेतातल्या मोटारी चालू असल्या की गावात १८० व्होल्ट दिसतात. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲम्पचा आतला सप्लाय त्याच प्रमाणात खाली येतो. १८० भागिले २३०, त्याचा वर्ग: ०.६१. हजार वॅटचा ॲम्प ६१० चा झाला, आणि फेडर कालच्याच जागी. म्हणजे काल जिथं स्वच्छ होतं तिथं आज क्लिप. लोकांना वाटतं लाइट कमी म्हणजे स्पीकर सुरक्षित, होतं उलटंच. रॅकमध्ये व्होल्टमीटर लावा, दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे. जनरेटरवर असाल तर ॲम्प सगळ्यात शेवटी चालू, सगळ्यात आधी बंद.

आता कान, सुरुवातीला म्हणालो होतो ते. कायदा वॅट मोजत नाही, डेसिबल मोजतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढंच. २०१८ मध्ये विसर्जनाच्या तोंडावर डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला मुंबई उच्च न्यायालयानं नकार दिला, तेव्हापासून धंदेवाले हे सगळं पाठ करून आहेत. पण बॉक्सशेजारी रात्रभर उभ्या असलेल्या ऑपरेटरच्या कानाचं कुणी बोलत नाही. अमेरिकेतली निओश ही कामगार आरोग्याची संस्था सांगते की ८५ डेसिबल आठ तास, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. वरातीच्या बॉक्सपुढं १०० सहज ओलांडतात. कॉईल रिवाइंड होते, कानातल्या केसपेशी परत उगवत नाहीत. फोमचे इअरप्लग मेडिकलवर काही रुपयांत मिळतात. दादाच्या पोरांना आता गाडी निघताना केबलच्या पेटीत तेही मोजून दिले जातात. सुरुवातीला हसले, "म्हातारे झालो का आम्ही?" म्हणून. आता मागून घेतात.

पुढच्या भागात केबल: लांब आणि बारीक तारेत किती वॅट वाटेतच जातात, आणि जनरेटरच्या अर्थिंगचं काय करायचं. ज्यांच्याकडं जळालेला स्पीकर पडलाय त्यांनी कॉईलचा फोटो पाठवा, तिन्हीतली कोणती जात ते बघू. रामराम.